पऱ्हाटीपलीकडचा हुंकार

दव सुकायची वाट बघत धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, बसायचे दिवस परत आले. दिवाळी होऊन गेली, कापसाची पऱ्हाटी कमरेच्या वर गेली, बोंडं फुटली. सकाळी वावरात पाय ठेवला की कापूस हाताला गार लागतो. ओला कापूस वेचला तर ढिगात पिवळा पडतो, म्हणून ऊन वर येईपर्यंत आम्ही बाया धुऱ्यावर बसून राहतो. अर्धा तास, कधी त्याहून जास्त. घरून निघालेलो असतो आणि काम अजून सुरू झालेलं नसतं. तेवढा वेळ कोणाचाच नसतो.

यंदा पहिल्या दिवशी आम्ही नऊ जणी बसलो होतो. आठ जणींच्या माना खाली होत्या. एकीच्या हातातून गाण्याचा तुकडा यायचा, तो पुरा व्हायच्या आत दुसरीच्या हातात कोणी हसायचं, तिसरीकडे एक बाबा रक्तदाबावर उपाय सांगायचा. आवाज एकमेकांत घुसत होते आणि कोणी कोणाशी बोलत नव्हतं. माझा फोन घरी होता, ज्वारीच्या कोठीत. म्हणून मी दव बघत बसले. दोन बोंडांच्या मधे कोळ्यानं जाळं विणलं होतं, त्याच्या धाग्याधाग्यावर पाणी होतं. चांगलं दिसत होतं. तरी मला सारखं वाटत होतं की आता हे संपावं, दुसरं काही यावं. खाली बघितलं तर माझा अंगठा मांडीवर, लुगड्यावर, आपोआप वर सरकत होता.

जैतून आपा असती तर म्हणाली असती, "काय वो कांता, मुंगी चावली काय?"

आपा नव्हती.

जैतून आपा माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी. गावाच्या त्या टोकाला, नेरच्या रस्त्यावर, तिच्या मुलाचं पंक्चरचं दुकान आहे, त्याच्या मागं त्यांचं घर. अठरा हंगाम आम्ही जोडीनं वेचणी केली. आमच्याकडे एका ओळीला दोघी लागतात, एक या बाजूनं, एक त्या बाजूनं. मधे पऱ्हाटी. चांगली वाढलेली पऱ्हाटी इतकी दाट असते की वाकून वेचताना पलीकडचीचं तोंड दिसत नाही. कधी बांगडी दिसते, कधी पदराचा काठ. बाकी सगळी ओळखपाळख आवाजाची.

आपाजवळ गोष्टी होत्या. तिची गोष्ट नेहमी एकाच बोलानं सुरू व्हायची, "एक बाई होती." पहिल्या वेच्याला, म्हणजे वेचणीच्या पहिल्या फेरीला, काढलेली गोष्ट ती तिसऱ्या वेच्यापर्यंत पुरवायची. मधेच सोडून स्वयंपाकाचं सांगायची, सुनेचं सांगायची, मग बरोबर जिथं सोडली तिथून उचलायची. तिची एकच अट असायची. "हुंकारा दे वो. हुंकारा बंद, गोष्ट बंद." तोंड दिसत नसल्यामुळे तिला मी ऐकते की नाही हे कळायचा तेवढाच रस्ता होता. मी फार बोलणारी नाही. चार बाया जमल्या की मी मागं सरते, मला कोणी काही विचारलं तर कान तापतात. पण 'हूं' मला म्हणता येत होतं. अठरा वर्षं मी आपाशी 'हूं'मध्येच बोलले. कधी लांबट, कधी तुटक, कधी नाकातून. ती म्हणायची, "गावात तुले घुमी म्हणते लोक. मले तं वाटते तूच जास्त बोलते."

आपा स्वतःचं कधीच सरळ सांगत नसे. एका वर्षी तिनं गोष्ट सांगितली, एका बाईनं आपली लेक लांब दिली, निरोप देताना रडली नाही, पण पुढं आठ दिवस तिच्या हातची भाजी खारट होत होती आणि घरात कोणालाच कळेना की मीठ दोनदा कसं पडते. ती गोष्ट चार दिवस चालली. चौथ्या दिवशी, ओळ संपता संपता, मला उमगलं की ती लेक म्हणजे राजूरला दिलेली तिची शबाना. मी फक्त 'हूं' म्हटलं, आणि पलीकडे तिनं नाक पुसल्याचं ऐकू आलं. तिचं मन कळायचं तर गोष्ट शेवटपर्यंत ऐकावी लागायची. मधला तुकडा ऐकून काहीच हाती लागत नसे.

वेचणीच्या पहिल्या दिवशी वावराच्या मालकीणबाई, आम्ही त्यांना काकू म्हणतो, सीतादही करतात. धुऱ्यावर पाच दगड मांडायचे, हळदकुंकू वाहायचं, दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा, थोडा भात पऱ्हाटीवर शिंपडायचा आणि मग पहिलं बोंड वेचायचं. उरलेला दहीभात आम्हाला. आपा दरवर्षी हात पुढं करून म्हणायची, "काकू, पऱ्हाटीचं पोट लहान अशीन, माह्यं मोठं हाय." काकू हसून आणखी एक मूठ घालायच्या. यंदा दहीभात उरला. काकूंनी डबा झाकला.

आता फोनचं.

यांना जाऊन चार वर्षं झाली. दोन वर्षांपूर्वी माझी सुषमा लोहाऱ्याला कारखान्यात पॅकिंगच्या कामाला लागली आणि तिथंच तीन मैत्रिणींसोबत खोली करून राहिली. जाताना मला फोन देऊन गेली. "आई, आता तुले एकटं नाही वाटायचं," म्हणाली. कसं उघडायचं, कसं वर सरकवायचं, सगळं दाखवलं. तिनं ते मायेनंच केलं. आणि खरंच सुरुवातीला घर भरल्यासारखं झालं. चुलीपुढं बसून मी लोकांचे स्वयंपाक बघायची. एक बकरी भिंतीवर चढायची. एक माणूस चिखलानं माखलेले गालिचे धुवायचा, काळं पाणी वाहायचं आणि खालून लाल फुलं निघायची. माझ्या घरात गालिचा नाही, माझ्या ओळखीत कोणाकडे नाही, पण मी तसे शंभर तरी गालिचे धुताना बघितले असतील. संध्याकाळी मी आठवून बघायची, आज काय काय बघितलं? एकही नीट आठवत नसे. दिवसभर खाऊन ताट कशाचं होतं ते विसरावं, तसं.

दूध उतू जाऊ लागलं. दह्याला विरजण लावायचं राहून जायचं. देवळापुढं कोणी पोथी वाचत असेल तर मी आधी तासभर बसायची, आता दहा मिनिटांत चुळबुळ व्हायची. सुषमाचा फोन आला की तिचं बोलणं लांबलं की मला वाटायचं, पुढं काय? माझी स्वतःची लेक बोलत होती, आणि मी पुढं काय म्हणत होते.

यावर मी खूप विचार केला. मला शास्त्र माहीत नाही. पण ओळ वेचताना एक गोष्ट रोज दिसते. ओळ संपली की वळावं लागतं. कमरेची कापसाची ओटी सावरायची, पाय रोवायचे, अंग फिरवायचं, आणि दुसऱ्या ओळीत शिरायचं. त्याला वेळ लागतो. मनालाही तसंच असावं. बोलणारा माणूस एका वळणाला येतो, तेव्हा ऐकणाऱ्याच्या मनाला त्याच्यासोबत फिरावं लागतं. माझं मन उड्या मारायला शिकलं. या झाडावरून त्या झाडावर, बकरीवरून गालिच्यावर, गालिच्यावरून रक्तदाबावर. उडी मारणाऱ्याला वळायची गरजच पडत नाही. वर्षभर उड्या मारल्या आणि वळणं विसरले, हे मला तेव्हा कळलं नाही.

मागच्या हंगामात मी फोन वावरात नेऊ लागले. दोन्ही हात वेचणीला लागतात, म्हणून कमरेला बांधलेल्या ओटीच्या तोंडाशी, कापसावर, मी तो उभा ठेवायची. एका कानात वायर, वरून पदर. एक झाड वेचून झालं की अंगठ्यानं वर सरकवायचं. एका झाडाला एक व्हिडिओ, असा माझा हिशेबच बसला होता. पलीकडून आपाला काही दिसत नव्हतं. मला वाटायचं, दोन्ही जमतं आहे. आपा बोलत होती, मी दर थोड्या वेळानं 'हूं' म्हणत होते. हूं म्हणायला मन लागत नाही, असं मला वाटलं.

त्या हंगामातल्या गोष्टीचे चार तुकडे माझ्याजवळ आहेत. एक बाई होती. ती राजूरला गेली होती, लेकीच्या बाळंतपणाला. तिच्या डोळ्यांपुढं धूर यायचा. तिथं कोळशाच्या खाणी, सगळीकडे काळी धूळ, म्हणून तिला वाटलं हा धूर गावाचाच. मग ती आपल्या गावी परत आली आणि धूर तिच्यासोबत आला. इथवरचं मला आठवतं. मधलं काहीच आठवत नाही. मधे काय काय सांगितलं असेल! किती दिवस सांगत होती! मी त्या वेळी कोणाच्या घरचे गालिचे धूत होते.

शेवटचा तुकडा मला पाठ आहे. दुपारची वेळ होती, ऊन मागून होतं. पलीकडून आपाचा आवाज आला.

"मंग त्या बाईनं आपल्या सोबतणीले इचारलं. म्हने, माह्या बाजूची बोंडं सुटून राह्यली, तू वेचून देशीन काय? कोणाले सांगू नोको, नाही तं मले कामावर नाही घेणार. कांते, तू असती तं काय म्हटलं असतं?"

नाव ऐकलं म्हणून मी दचकले. प्रश्न अर्धाच कानात होता. फोनमध्ये बकरी भिंतीवरून घसरली होती आणि मला हसू आलं होतं. ते हसू तोंडावर असतानाच मी म्हटलं, "ज्याची ओळ त्यानं वेचावी, आपा."

पलीकडे बांगड्या थांबल्या. मग आपा म्हणाली, "बरं."

गोष्ट तिथं संपली. मला वाटलं, आज लवकर संपवली.

दुसऱ्या दिवशी काकू ओळी बघत आल्या. आपाच्या बाजूची पऱ्हाटी पांढरीच होती. "जैतून, अर्धा कापूस झाडावरच ठेवला? डोळे घरी ठेवून आली काय?" बाया हसल्या. मीही हसले. सगळ्या हसल्या की हसायची माझी सवय आहे. आपानं चाचपून एक बोंड शोधलं, वेचलं, ओटीत टाकलं आणि म्हणाली, "म्हातारी झालो आता, काकू." तिसऱ्या दिवशी ती आली नाही. गुडघे दुखतात असा निरोप आला. मला नवी जोडीदारीण दिली आणि वेचणी चालू राहिली.

पंधरा दिवसांनी गिरणीवर तिची सून भेटली. माझ्या पुढं तिचा डबा होता. मी विचारलं, आपाचे गुडघे कसे आहेत?

ती माझ्याकडे बघतच राहिली. "गुडघे? मावशी, अम्मीले काचबिंदू हाय. नेरले नेलं, मंग यवतमाळले नेलं. डॉक्टर म्हने, गेली ते नजर गेली, वापस नाही येत. एका डोळ्यानं थोडं अंधुक दिसते, तेवढं टिकलं तं टिकलं." आणि मग तिनं अगदी सहज म्हटलं, "तुमाले तं माहीतच होतं ना? आमी अम्मीवर रागावलो, पहिलेच सांगाचं नाही काय म्हनून. तं म्हने, मी कांताले सारं सांगितलं."

गिरणीचा पट्टा फिरत होता. माझं पीठ दळून झालं होतं आणि मी तिथंच उभी होते.

महिनाभर ती सांगत होती. त्या महिन्यात मी ऐकलं असतं, तर मी तिला नेरला नेलं असतं. तेवढं मला नक्की जमलं असतं, बस माहीत आहे, दवाखाना माहीत आहे. एक महिना आधी नेल्यानं नजर काही राहिली असती का, किती राहिली असती, ते मला माहीत नाही. डॉक्टरला विचारायची माझी हिंमत नाही. उत्तर कोणतंही आलं तरी मला ते घेऊन घरी यावं लागेल.

मी तिच्याकडे गेले नाही. पंक्चरच्या दुकानापुढून जावं लागू नये म्हणून मी नेरची बस पुढच्या फाट्यावरून धरू लागले. उन्हाळा गेला, पाऊस गेला. फोन मी बंद केला, चालू केला, परत बंद केला. ज्वारीच्या कोठीत ठेवला की हात घालताना दाणे कोपरापर्यंत येतात, तेवढ्यात कधी कधी मन थांबतं. सुषमाच्या जुन्या वहीत लिहू लागले. चौथीत शाळा सुटली, पण बाईंनी अक्षर वळणदार करून घेतलं होतं, ते राहिलं आहे. हे एवढं लिहिताना मी किती वेळा उठले! पाणी प्यायले, अंगण झाडलं, कोठीचं झाकण उघडून परत लावलं. पण परत येऊन बसले.

यंदा माझी जोडीदारीण एक नवी सून आहे. चांगली आहे. तिच्या दोन्ही कानांत वायर असते. दुसऱ्या वेच्याला, दुपारी, मला एकदम एक मोठं बोंड दिसलं, पाचही पाकळ्या भरलेल्या, आणि मी न ठरवता बोलले, "बघ वो, केवढं आहे!" पलीकडून काही आलं नाही. पऱ्हाटीची वाळकी पानं तेवढी वाजली. मी थोडं थांबले. मग आणखी एकदा म्हटलं, मुद्दाम. काही आलं नाही. वावरात आम्ही नऊ जणी होतो, आणि त्या ओळीत मी अशी एकटी होते, जशी मागच्या वर्षी आपा होती. मी तिथं होते तरी.

नेरच्या बाजाराच्या दिवशी वेचणीला सुट्टी असते. काकूंना विचारून मी आदल्या दिवशी ओटीभर बोंडं सालासकट तोडून घेतली होती. ती घेऊन गेले. दुकानात तिचा मुलगा ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघत होता, त्यानं मानेनंच आत जा म्हटलं. आपा ओसरीवर उन्हात बसली होती. तोंड माझ्याकडे होतं, पण नजर माझ्या बाजूनं निघून गेली.

"कोन वो?"

"मी. कांता."

तिनं बाजूची गोधडी थोडी सरकवली. मी बसले आणि बोंडं तिच्या मांडीवर ओतली. तिच्या हातांना लगेच कळलं. चार बोटं बोंडात गेली आणि कापूस अख्खा निघून आला, पानाचा कण न लागता. माझ्या हातच्या कापसात कचरा येत होता. तिनं तो बोटांनी चाचपला. "अजून घाईच हाय तुले," म्हणाली.

बराच वेळ आम्ही वेचलं.

"आपा, ते राजूरची गोष्ट मले परत सांग."

"सांगून झाली ते."

"मी ऐकली नाही."

"मालूम हाय मले."

माझे कान तापले. "कसं? मी तं हुंकारा देऊन राह्यली होती."

"त्याच्यानंच तं समजलं." तिनं एक बोंड फोडलं. "ऐकणाऱ्याचा हुंकारा कधी लवकर येते, कधी मागून येते. कधी मधातच अटकते. त्या साली तुहा घड्याळावानी येत होता. एक झाड, एक हूं. एक झाड, एक हूं."

"मंग तू सांगत काहून राह्यली?"

"कोणाले तरी सांगाचं होतं ना वो. तू नाही तं पऱ्हाटी."

मला रडू आलं, पण ते तिला दिसणार नव्हतं, आणि तेच जास्त वाईट होतं. मी काही म्हणणार तेवढ्यात तिनंच म्हटलं, "आता माह्याजवळ गोष्ट नाही. तू सांग. मी हुंकारा देतो."

मी? मी कधी कोणाला काही सांगितलं? मला चार वाक्यं सलग सांगता येत नाहीत. पण तिचे हात थांबले होते, आणि ती मान थोडी वाकडी करून कान माझ्याकडे करून बसली होती, आणि दुकानात हवा भरायचा आवाज बंद झाला होता.

"एक बाई होती," मी म्हटलं. "तिच्या लेकीनं तिले फोन देला."

काही आलं नाही. मी पुढं सांगत गेले. घर भरल्यासारखं वाटायचं ते सांगितलं, बकरी सांगितली, गालिचे सांगितले. मधेच माझं मन बाजारावर गेलं, बस किती वाजता, चहापत्ती संपली. मी ते कान धरून परत आणलं. जिथं सोडलं होतं ते सापडेना, थोडं मागून धरलं. सांगता सांगता मी त्या ओळीपाशी आले, त्या दुपारपाशी, आणि त्या बाईनं काय उत्तर दिलं ते सांगितलं. जसंच्या तसं. हसू आलं होतं तेही सांगितलं.

आणि थांबले.

ओसरीवरचं ऊन माझ्या पायावरून खाली उतरलं होतं. आपाच्या बोटांत एक बोंड अर्धं वेचलेलं होतं. मला वाटलं, आता ती उठ म्हणेल. मला वाटलं, ती झोपली असेल. मी वाट बघितली. अंगठा कुठं सरकला नाही.

मग तिचा हुंकार आला. फार उशिरा आला.